ऑपरेशन नेमकं कोणाला हवं होतं? गुडघेदुखीवरच्या एका खुल्या चर्चेचा प्रकरण अभ्यास

2002 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरचा एक अभ्यास छापून आला. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात 180 रुग्णांचे तीन गट केले होते. कोण कुठल्या गटात, हे सर्जनला ऑपरेशन थिएटरमध्ये बंद पाकीट फोडल्यावरच कळायचं. एका गटाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला खडबडीत भाग साफ केला. दुसऱ्या गटाचा गुडघा आतून नुसता धुतला. तिसऱ्या गटाच्या कातडीवर फक्त तीन बारीक छेद दिले आणि टाके घातले. या तिसऱ्या गटाला शंका येऊ नये म्हणून सर्जन एकेक हत्यार मागून घेत होता, धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाईन उडवलं जात होतं. दोन वर्षं पाठपुरावा झाला. दुखणं असो की हालचाल, खऱ्या ऑपरेशनचे गट कुठल्याही टप्प्यावर खोट्या ऑपरेशनच्या गटाहून सरस ठरले नाहीत. बरं, सर्जनचा हात नवखा होता म्हणावं तर तसंही नाही. सगळी ऑपरेशनं करणारा हा एकच डॉक्टर 1996च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल संघांसोबत होता.

टीका झाली, आणि ती होणं रास्तच होतं. रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष होते, सर्जन एकच होता, आणि पात्र ठरलेल्या 324 जणांपैकी 144 जणांनी भाग घ्यायला नकार दिला होता. मग पुढचे अभ्यास आले. 2008 साली कॅनडातल्या ओंटारिओचा आला. त्यात व्यायाम आणि औषधं दोन्ही गटांना होती, एका गटाला वर ऑपरेशनही होतं. दोन वर्षांनी दोघांत फरक दिसला नाही. 2013 साली फिनलंडमधल्या 146 रुग्णांवरचा आला. यांना संधिवात नव्हता, वयोमानाने गुडघ्यातली गादी फाटलेली होती. इथेही खोट्या ऑपरेशनचा गट होता, आणि वर्षभराने निकाल तोच. अखेर 2017 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने शिफारसच प्रसिद्ध केली: झिजेच्या गुडघ्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन जवळजवळ कोणाचंही करू नये. ती ठरवणाऱ्या गटात गुडघ्याचं दुखणं स्वतः सोसलेले लोकही होते. त्याच लेखात हेही लिहिलेलं होतं की जगभरात अशी 20 लाखांहून अधिक ऑपरेशनं दरवर्षी होतात.

म्हणजे 15 वर्षं पुरावा साठत राहिला आणि ऑपरेशनं चालूच राहिली. 'डॉक्टरांना वाचायला वेळ नाही' आणि 'लोकांना विज्ञान कळत नाही' ही त्याची दोन ठरलेली उत्तरं. दोन्हींत तथ्य असेल, पण मला ती फार सोयीची वाटतात, कारण दोन्हींत दोष समोरच्याचा असतो. हे प्रकरण तिसऱ्या एका कारणाबद्दल आहे. ते कागद वाटून किंवा भाषण देऊन दिसत नाही. रुग्ण आणि उपचार करणारे एका खोलीत, एका पातळीवर बसले तरच ते दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातली बैठक आणि त्यातली माणसं प्रशिक्षणात वापरण्यासाठी रचलेली आहेत. त्यांच्यासमोर आलेले अभ्यास आणि आकडे मात्र खरे आहेत.

बैठक ठरवताना

अशा बैठकांचा वारसा आरोग्यक्षेत्रातला नाही. 1992 साली पॅरिसमध्ये बास्तीय चौकातल्या एका कॅफेत मार्क सोते यांनी तत्त्वज्ञानावर खुल्या गप्पा सुरू केल्या. त्यावरून 1998 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डंकन डॅलस यांनी विज्ञानासाठी तसाच प्रयोग केला आणि 'कॅफे सायंटिफिक' हे नाव रूढ झालं. रीत साधी. जाणकाराने थोडा वेळ बोलायचं, मग थोडी विश्रांती, आणि उरलेला सगळा वेळ लोकांचा. पुढे कॅनडाच्या 'कॅनेडियन इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ रिसर्च'ने आरोग्यविषयक संशोधन लोकांपर्यंत नेण्यासाठी अशा कॅफेंना पैसा दिला. मूळ कल्पनेत श्रोते म्हणजे सर्वसामान्य लोक. आरोग्याच्या बाबतीत मात्र एक पेच उभा राहतो. संशोधन ज्यांनी वापरायचं ते उपचार करणारेही लोकांमध्येच बसलेले असतात, आणि त्यांनाही ते पुरतं माहीत असतंच असं नाही.

आपल्या प्रकरणातल्या आयोजकांत एक फिजिओथेरपिस्ट, एक फॅमिली डॉक्टर आणि एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल होती. विषयाचं पहिलं शीर्षक डॉक्टरांनी सुचवलं: 'गुडघ्याच्या संधिवाताचे पुराव्यावर आधारित व्यवस्थापन'. ग्रंथपाल म्हणाली, "या नावाला आपण तिघंच येऊ. तिसरी मी, किल्ली माझ्याकडे असते म्हणून." शेवटी ठरलं ते असं: 'गुडघ्यात दुर्बीण घालायला सांगितलीय. घालू का?'

हा बदल वरवरचा नव्हता. पहिल्या नावात विषय होता, दुसऱ्यात निर्णय होता. ज्याच्यापुढे निर्णय आहे तो माणूस येतो, सोबत घरच्यांनाही आणतो, कारण पुढे त्याला धरून चालवायचं कोणी हे त्यांनाच बघायचं असतं. शिवाय निर्णयाचा प्रश्न विचारला की वक्त्याला पसरट बोलता येत नाही.

बोलणारे तिघं होते: एक ऑर्थोपेडिक सर्जन, एक फिजिओथेरपिस्ट आणि ऑपरेशन सुचवलं असताना ते न केलेली एक निवृत्त शिक्षिका. प्रत्येकी सात मिनिटं. पडदा नाही, स्लाइड नाहीत. स्लाइड असल्या की माणसं एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघतात, हे अशा बैठका घेणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स यांना आग्रहाने बोलावलं होतं, पण त्यांच्यासाठी पुढची रांग राखून ठेवली नव्हती. छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त नाव, पदवी नाही. बोलायला उठताना आपण कोण, एवढं मात्र प्रत्येकाने सांगायचं.

आणखी एक नियम फिजिओने धरून बसून मंजूर करून घेतला: पहिल्या वाक्यात प्रत्येक वक्त्याने आपले पैसे कुठून येतात ते सांगायचं. सर्जनला हा नियम खटकला, तरी त्याने तो पाळला. सुरुवात करताना तो म्हणाला, "दुर्बिणीची ऑपरेशनं मी करतो आणि त्याचे पैसे मिळतात. हे डोक्यात ठेवून माझं ऐका." फिजिओ म्हणाली, "तुम्ही ऑपरेशन नाही केलंत आणि व्यायामाला आलात, तर पैसे मला मिळतात." खोलीत हशा पिकला, आणि पुढच्या दीड तासात 'यात कोणाचा फायदा' हा प्रश्न कुणालाही कुजबुजत विचारावा लागला नाही.

एका पानाचा कागद

दारात प्रत्येकाच्या हातात एक पान दिलं होतं. त्यात टक्केवारीतली घट किंवा वाढ कुठेच नव्हती, सगळं '100 माणसांपैकी किती' या भाषेत होतं. 'धोका निम्म्याने घटतो' हे वाक्य 2 वरून 1 झालं तरी खरं असतं आणि 40 वरून 20 झालं तरी खरं असतं. ऐकणारा नेहमी 40 वरून 20 झालं असंच समजतो.

पानावर तीन-चारच गोष्टी होत्या. झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीचं ऑपरेशन केलेल्या 100 जणांपैकी 15 पेक्षा कमी लोकांना तीन महिन्यांनी दुखण्यात किंवा हालचालीत थोडाफार जास्तीचा फायदा दिसतो, आणि वर्षभरानंतर तो फायदा उरत नाही. ऑपरेशननंतर पूर्ववत व्हायला साधारण 2 ते 6 आठवडे जातात. जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी हे धोके क्वचित, पण गंभीर. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ: 'हे अपघाताने किंवा खेळताना अचानक झालेल्या दुखापतीबद्दल नाही, आणि सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही नाही.' ही ओळ टाकली नसती तर अर्धी चर्चा भलत्याच ऑपरेशनवर खर्ची पडली असती.

खोलीत काय झालं

पहिला अर्धा तास अपेक्षेप्रमाणे गेला. सर्जनने ह्यूस्टनचा अभ्यास सांगितला. सलाईनचे शिंतोडे उडवण्याचा तपशील आला तेव्हा लोक पुढे सरकून बसले. लक्षात राहिलं ते तेवढंच, आणि त्यात वावगं काही नाही. एखादा अभ्यास डोक्यात राहायचा तर त्यातलं एक दृश्य राहावं लागतं. शिक्षिकेने आपला अनुभव सांगितला, पण 'मी केलं नाही, तुम्हीही करू नका' असं एकदाही म्हटलं नाही. तिला तसं आधी विनवून सांगितलं होतं.

खरी चर्चा एका बाईंच्या प्रश्नाने सुरू झाली. हातात एमआरआयचा रिपोर्ट होता.

"यात लिहिलंय, गादी फाटलीय. आता फाटलेलं आहे ते दुरुस्त नको का करायला?"

फिजिओने उत्तरादाखल अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममधला 2008चा अभ्यास सांगितला. 50 ते 90 वयाच्या 991 लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. हे लोक गुडघा दुखतो म्हणून आले नव्हते, वस्तीतून निवडलेले होते. ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांतल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात दुखणं, ठणका, आखडणं यातलं काहीच झालेलं नव्हतं. थोडक्यात, फाटलेली गादी घेऊन मजेत हिंडणारे लोक पुष्कळ आहेत.

बाईंनी शांतपणे विचारलं, "मग माझा गुडघा दुखतोय तो कशाने?"

इथे खोली जराशी अडखळली. फिजिओने सावरून घ्यायला काही गोड उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, "नेमकं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. सांध्याची झीज, मांडीच्या स्नायूंची ताकद, वजन, झोप, मनावरचा ताण, सगळ्याचा वाटा असतो. फोटोत त्यातलं एकच दिसतं, म्हणून सगळा आळ त्याच्यावर जातो." उत्तर अपुरं होतं, पण खरं होतं. त्या उत्तरामुळे पुढच्या बोलण्याला वजन आलं असं माझं मत आहे. सगळं माहीत असल्याचा आव आणला असता तर बाईंनी मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली असती.

मग मागच्या बाजूला बसलेल्या एका फॅमिली डॉक्टरने हात वर केला. आयोजकांपैकी नव्हे, दुसरा. बराच वेळ तो गप्प होता.

"हे सगळं आम्हाला माहीत नाही असं नाही. पण पेशंटला एमआरआय हवाच असतो. नाही लिहून दिला तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि तिथून काढून आणतो. मग आम्ही तरी काय करणार?"

रिपोर्टवाल्या बाई त्याच्याकडे वळल्या. "अहो डॉक्टर, मी कुठे मागितला होता एमआरआय? मला लिहून दिला. लिहून दिला म्हणजे त्यांना काहीतरी वाईट दिसलं असणार, असं वाटून माझी रात्रभर झोप उडाली."

एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मीसुद्धा मागितला नव्हता. मी फक्त विचारलं, 'काही तपासणी करायला हवी का?' काळजीने विचारलं. त्याचा अर्थ तपासणी करा असा नव्हता."

सूत्रसंचालन करणाऱ्या ग्रंथपालाने इथे सर्वांत मोलाचं काम केलं, ते म्हणजे काहीही न बोलणं. शांततेचं पाच-सात सेकंदांचं ओझं सर्जनला पेलवलं नाही आणि तो आपणहून बोलला.

"आता माझंही सांगतो. माझ्याकडे रुग्ण चिठ्ठी आणि एमआरआय घेऊन येतो, तेव्हा मी असं धरून चालतो की पाठवणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशन व्हावं असं वाटतंय. रुग्णही एवढा फोटो काढून आलाय म्हणजे त्यालाही हवंय. 'काही करायची गरज नाही' म्हणून परत पाठवलं तर दोघंही म्हणणार, याला काही येत नाही."

फॅमिली डॉक्टर म्हणाला, "मी तर तुमचं मत हवं म्हणून पाठवतो."

"चिठ्ठीत तसं लिहिलेलं नसतं."

"काय लिहिलेलं असतं?"

"'गादी फाटली आहे, पुढील उपचारासाठी.'"

हे संभाषण मिनिटभरही चाललं नसेल, पण या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं मिनिट हेच. ऑपरेशन नेमकं कोणाला हवं होतं, याचं उत्तर त्या खोलीत असं निघालं की कोणालाच ते फारसं हवं नव्हतं, पण प्रत्येकजण ते दुसऱ्याला हवंय असं समजून एकेक पाऊल पुढे सरकत होता. रुग्णाला वाटत होतं डॉक्टरांना तपासणी आवश्यक वाटते, डॉक्टरला वाटत होतं रुग्णाला ती हवीय, आणि सर्जनला वाटत होतं दोघांनी मिळून ठरवूनच त्याच्याकडे पाठवलंय. अंदाजांच्या या साखळीत 2002, 2008, 2013 कुठेच अडसर होत नव्हते, कारण प्रश्न त्या अभ्यासांपर्यंत पोचतच नव्हता.

हे फक्त गुडघ्याचं नाही

उपचार करणारा रुग्णाच्या मनातलं ओळखून चालतो, आणि ते ओळखणं चुकतं, याचा पुरावा गुडघ्याआधीपासूनचा आहे. 1997 साली 'बीएमजे'त कॉकबर्न आणि पिट यांचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. औषधाची अपेक्षा धरून आलेल्या रुग्णाला औषध लिहून मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. पण याला औषध हवंय असं डॉक्टरला वाटलं तर ती शक्यता दहापट होती. 1999 साली अमेरिकेत मँजिओन-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या तपासण्या पाहिल्या. विषाणूंमुळे झालेल्या, म्हणजे अँटिबायोटिकचा उपयोग नसलेल्या आजारांत पालकाला अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरला वाटलं तेव्हा 62 टक्के वेळा ते लिहून दिलं गेलं, तसं वाटलं नाही तेव्हा 7 टक्के वेळा. पालकांना खरोखर काय हवं होतं याचा त्या लिहिण्याशी संबंध सापडला नाही.

याला जोडून ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठातल्या टॅमी हॉफमन आणि ख्रिस डेल मार यांची दोन कामं बघावीत. 2015 साली त्यांनी दाखवलं की रुग्ण बहुतेक वेळा उपचारांचा फायदा जास्त आणि तोटा कमी धरतात. 2017 साली त्यांनी तोच प्रश्न उपचार करणाऱ्यांबाबत विचारला, आणि चित्र फारसं वेगळं निघालं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं यावर म्हणायचा मोह होतो. मला ते न्याय्य वाटत नाही. आपला अंदाज चुकला हे डॉक्टरला कळायला काही वाटच नसते. ज्याला ऑपरेशनची गरज नव्हती आणि जो बरा झाला तो आभार मानायला येतो. जो बरा झाला नाही तो दुसरीकडे जातो.

लोकांना साक्षर करण्यासाठी बैठक घ्यायची, असं अशा उपक्रमांच्या प्रस्तावात सर्रास लिहिलेलं असतं. या प्रकरणात शिकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव फॅमिली डॉक्टरचं आहे, दुसरं सर्जनचं. दोघांनाही अभ्यास आधीपासून माहीत होते. माहीत नव्हतं ते एकमेकांबद्दल आणि समोरच्या खुर्चीतल्या बाईंबद्दल. म्हणून उपचार करणाऱ्यांसाठी वेगळं सत्र आणि रुग्णांसाठी वेगळं सत्र, ही नेहमीची व्यवस्थित विभागणी मला या कामासाठी निरुपयोगी वाटते. वेगळ्या सत्रात डॉक्टर 'पेशंट ऐकत नाहीत' म्हणून एकमेकांना दुजोरा देतील आणि रुग्ण 'डॉक्टर पैसे काढतात' म्हणून. दोघंही समाधानाने घरी जातील.

'माझं तर ऑपरेशनने बरं झालं'

असा माणूस प्रत्येक बैठकीत असतो, आणि तो नसला तर बैठक एकतर्फी झाली असं समजावं. इथेही होता. टुणटुणीत, उत्साही, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पुन्हा डोंगर चढायला लागलेला. त्याने उभं राहून गुडघा वाकवून दाखवला आणि टाळ्या मिळवल्या. 180 रुग्णांच्या अभ्यासाला असा एक गुडघा भारी पडतो.

सर्जन म्हणाला, "खोट्या ऑपरेशनच्या गटातले लोकही असेच बरे झाले होते."

"म्हणजे मला भास झाला?"

चर्चा इथे बिघडू शकली असती. शिक्षिका मध्ये पडली. ती म्हणाली, "तुमचा गुडघा बरा झाला हे खरंच. प्रश्न एवढाच आहे की तो कशाने झाला." मग सर्जनने जरा धीराने मांडलं: दुखणं कायम चढ-उतारात असतं, आणि माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून पुढे ते बहुधा उतरतंच. शिवाय ऑपरेशननंतर माणूस विश्रांती घेतो, व्यायाम करतो, स्वतःकडे लक्ष देतो. फिनलंडच्या अभ्यासात खऱ्या आणि खोट्या, दोन्ही गटांतल्या दहापैकी नऊहून अधिक लोकांनी 'पुन्हा वेळ आली तर हेच करून घेऊ' असं सांगितलं होतं. रुग्ण समाधानी आहे म्हणून उपचार उपयोगी आहे, हे गणित त्यामुळे कोलमडतं.

त्या गृहस्थांना हे पटलं का? चेहऱ्यावरून तरी नाही. आणि पटायलाच हवं असा आग्रह आयोजकांनी धरला नाही, हे उत्तम केलं. पुढचा निर्णय घ्यायचा होता तो शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला, आणि तो दोन्ही बाजू ऐकत होता.

दुसरा नाजूक प्रसंग फार्मासिस्टमुळे आला. एकाने गुडघ्यात घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारताना स्वतःची औषधांची यादीच वाचायला सुरुवात केली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव आलं तसं फार्मासिस्टने त्याला थांबवलं: "हे इथे सगळ्यांसमोर नको. बैठक संपल्यावर माझ्याशी बोला, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका." खुल्या चर्चेत एका माणसाच्या उपचारांचा सल्ला द्यायचा नाही, हा नियम सुरुवातीला सांगितलेला असतोच. पण नियम सांगणारा आणि तो वेळेवर आठवणारा माणूस वेगळा असतो, म्हणून तो कोण हे आधी ठरवून ठेवावं.

पुढे काय झालं, आणि काय झालं नाही

जाताना प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून घेतली: 'आता डॉक्टरांना (किंवा रुग्णाला) मी कोणता प्रश्न विचारीन?' आवडलं का, ज्ञान वाढलं का, असे प्रश्न टाळले. त्यांची उत्तरं नेहमी छान येतात आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. लोकांच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक 'काहीच केलं नाही तर काय होईल?' या धर्तीचे प्रश्न होते. त्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर होतं: 'तुम्हाला तपासणी हवी आहे, की मी ती सुचवीन अशी भीती वाटते आहे?'

ठोस बदल म्हणावा असा एकच. त्याने आणि सर्जनने पाठवणीच्या चिठ्ठीत एक ओळ घालायचं ठरवलं: 'मत हवे आहे. शस्त्रक्रियेचा आग्रह नाही. रुग्णाशी याबाबत बोलणे झाले आहे.' खर्च शून्य. एवढ्यासाठी दीड तासाची बैठक लागावी का, असं कोणी विचारेल. माझं उत्तर असं की ही ओळ 2002 पासून कोणीही लिहू शकलं असतं.

मर्यादांबद्दल गुळमुळीत बोलायचं कारण नाही. उपचार करणाऱ्यांसाठीच्या शैक्षणिक बैठकांवर कॉक्रेनचे, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचे, आढावे आहेत. अपेक्षित पद्धतीने उपचार करण्याचं प्रमाण अशा बैठकांनी दर 100 मागे साधारण 6 ते 7 ने वाढतं, त्याहून फार नाही. गप्पांच्या बैठकीने त्यापेक्षा जास्त साधेल असं मानायला आधार नाही. आलेले लोक वेळ काढू शकणारे, वाचनालयाची पायरी चढणारे आणि चारचौघांत बोलायला न लाजणारे होते. संध्याकाळची पाळी असलेले, ऐकू कमी येणारे, आणि ज्यांचा गुडघा इतका दुखतो की पायरीच चढता येत नाही, असे लोक आलेच नाहीत. ही शेवटची अडचण तर विषयातच दडलेली होती आणि खोली तळमजल्यावर घेऊन सुटण्यासारखी होती.

व्यायामाच्या बाजूलाही खोली जरा सौम्यपणे वागली. डेन्मार्कमध्ये 2013 पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात माहितीची सत्रं आणि आठवड्याला दोनदा याप्रमाणे सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम असतो. फिजिओने त्याचं वर्णन केलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पण सहा आठवडे दर वेळी येऊन घाम गाळायचा, आणि सुरुवातीला थोडं दुखलं तरी थांबायचं नाही, याचे अडथळे काय, हे कुणी विचारलं नाही. ऑपरेशनला जितकं उलटसुलट तपासलं तितकं व्यायामाला तपासलं नाही. ऑपरेशन नाकारून घरी गेलेला माणूस व्यायामही करणार नसेल, तर गुडघ्याच्या दृष्टीने फारसं काही बदललेलं नाही.

एक वाद तर मिटलाच नाही. सर्जनचं म्हणणं होतं, ज्याचा गुडघा चालताना मध्येच अडकतो त्याला तरी दुर्बिणीचा उपयोग होतो, हे तो रोज बघतो. फिजिओने फिनलंडच्याच गटाचं 2016 सालचं विश्लेषण पुढे केलं. गुडघा अडकण्याची तक्रार असलेल्या रुग्णांतही खऱ्या ऑपरेशनने ती तक्रार खोट्यापेक्षा जास्त कमी झाली नव्हती. सर्जन म्हणाला, त्यांच्यातले फारच थोडे माझ्या रुग्णांसारखे पूर्ण अडकलेले असतील. दोघंही आपापल्या जागी राहिले, आणि ते लोकांसमोर राहिले. पुढच्या बैठकीचा विषय तोच ठेवला आहे, आणि या वेळी तीन खुर्च्यांपैकी एक गुडघा अडकणाऱ्या रुग्णाला द्यायची असं ठरलंय. खोली तळमजल्यावरची.